खोलीत कोण होतं?

काका आपट्याचं पान उजेडात धरून बघायचे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस एकमेकांना सोनं देत फिरत असे आणि काका खिडकीशी उभे राहून हातात आलेलं प्रत्येक पान उलटंपालटं करत. बहुतेक पानं ते परत करायचे. "हा आपटा नाही, कांचन आहे. फुलबाजारात तुला गंडवलं. उद्या जाऊन विचार त्याला." ज्याने हौसेने पान दिलेलं असे त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. आणि पंचाईत अशी, की काकांचं म्हणणं बरोबर असायचं.

काका आमच्या ऑफिसातले टेस्टर होते. आम्ही प्रोग्रॅम लिहायचे आणि ते गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी काकांनी त्यातल्या चुका काढायच्या. ज्या माणसाचा पिंडच संशयाचा, त्याला संशय घेण्याचाच पगार मिळावा, असा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो. लालबागला पुलाच्या कडेला एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. माणसं मोजून नऊ. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ता-लघवीच्या तपासणीचे रिपोर्ट छापतात, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. मालकांना सगळे 'सर' म्हणायचे. काकांना कोणी 'सर' म्हटलेलं चालत नसे. "सर म्हणणारा माणूस काहीतरी लपवत असतो," असं त्यांचं मत होतं. मालकांसमोरही ते बोलून दाखवायचे.

त्यांना संशय कशाचा येत नसे ते सांगणं सोपं पडेल. नवरात्रात बायका रोज ठरलेल्या रंगाचे कपडे घालून येतात, त्यावर ते म्हणाले होते, "हे रंग कोण ठरवतं, कधी विचार केलाय? ज्याच्या दुकानात त्या रंगाचा माल पडून आहे तो." त्या दिवशी मी मोरपिशी कुडता घालून आले होते, तो मी पुढे वर्षभर घातला नाही. लिफ्टमध्ये सहा माणसांची परवानगी असली तर ते चौथे असतानाही जिन्याने जायचे. चहावाल्याने 'स्पेशल' म्हटलं की विचारायचे, "मग रोज काय देतोस?" कोणी उत्साहाने येऊन "काका, चालतंय" म्हणालं की मान वर न करता त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "कोणासमोर चालतंय?"

संशयाला अपवाद एकच, यंत्र. त्यांचे वडील इथल्याच एका गिरणीत साचे-खात्यात होते. साचे म्हणजे माग. कापडात दोष निघाला तर तिथे साच्याला कोणी बोल लावत नसे, पहिला प्रश्न असायचा, 'पाळीवर कोण होतं?' काकांनी तो प्रश्न घरातल्या तांब्याच्या घागरीसारखा वारशाने घेतला होता. त्यांच्याकडे एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही होती. सगळं जग चुका कॉम्प्युटरवर नोंदवतं, काका त्या वहीत नोंदवायचे. पहिल्या रकान्यात काय चुकलं. दुसऱ्या रकान्यात, जो मी इतर कुठल्याही टेस्टरकडे पाहिला नाही, चूक दिसली तेव्हा खोलीत कोण होतं. "यंत्र खोटं बोलत नाही, बाय," ते मला म्हणाले होते, "त्याला कोणीतरी खोटं बोलायला लावतं. त्या कोणाला तरी धरायचं."

आणि मग ती धरली गेलेली मी.

मी गिरगावातून येत असे. नोकरीला लागून साडेपाच महिने झाले होते, सहा महिन्यांनी पर्मनंट करणार की नारळ देणार ते ठरायचं होतं. माझे वडील आयुष्यभर एका कचेरीत कारकून होते. त्यांच्या लेखी पर्मनंट नसलेली नोकरी म्हणजे लग्नाच्या मांडवात रुमाल टाकून धरलेली खुर्ची. रोज मी चपला काढायच्या आत ते विचारायचे, "काही कळलं का?" आधीची एक नोकरी कंपनीच बंद पडल्यामुळे गेली होती. ती माझी चूक नव्हती, पण हे दर मुलाखतीत नव्याने पटवावं लागतं, आणि ते पटवण्याचा मला वीट आला होता. ही नोकरी मला हवी होती. काम मनासारखं होतं आणि मला ते येत होतं.

माझं काम प्लग-इनचं होतं. मिक्सरची मोटर एक आणि वरची भांडी वेगवेगळी, तसं मोठं सॉफ्टवेअर सगळ्या लॅबना एकच, आणि ज्याला जे जास्तीचं हवं त्याचा छोटा तुकडा, म्हणजे प्लग-इन, त्यावर बसवायचा. शिवडीच्या बाजूच्या एका लॅबसाठी लहान मुलांच्या रिपोर्टचं प्लग-इन होतं. त्याच्या जुन्या, तिसऱ्या व्हर्जनमध्ये एक भयंकर चूक होती. वय महिन्यांत लिहिलं तर ते वर्षं समजायचं. आठ महिन्यांच्या बाळाच्या रिपोर्टवर आठ वर्षांच्या मुलाचे नॉर्मल आकडे छापले जायचे. म्हणजे धडधाकट बाळ आजारी दिसणार, किंवा त्याहून वाईट, आजारी बाळ धडधाकट दिसणार. ते व्हर्जन कुठे बाहेर जाण्याआधीच पकडलं गेलं, अर्थात काकांनीच पकडलं. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला होता. मी चूक दुरुस्त करून चौथं व्हर्जन बनवलं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात व्हर्जनचा आकडा छापला जायचा, त्यामुळे कुठलं भांडं बसलंय ते लगेच कळे.

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी काकांनी टेस्ट चालवली आणि मला बोलावलं. कागद पुढे सरकवला. बाळ आठ महिन्यांचं, आकडे आठ वर्षांचे. तळाशी तीन.

"चार कुठाय?"

"दिलंय काका. कोठारात ठेवलंय."

कोठार म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर आम्ही तयार प्लग-इन ठेवायचो तो. टेस्टचा कॉम्प्युटर तिथून उचलून घ्यायचा. मी माझ्या जागेवरून कोठार उघडून दाखवलं. चार नंबर तिथे होतं. माझ्याकडे रिपोर्ट छापला, चार आला, आकडे बरोबर. काकांनी त्यांच्याकडे परत छापला. तीन.

"तुझ्यासमोर चालतंय," ते म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

पुढचे दिवस मी त्या एका आकड्यामागे धावत होते. टेस्टच्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून पुन्हा टाकलं. तीन. कोठारातून तीन नंबरची प्रत शोधून काढावी म्हटलं, तर तिथे ती नव्हतीच. जे कुठेच नाही ते येतंय कुठून? चार नंबरचं नाव बदलून ठेवलं, तरी तीन. आणि गंमत म्हणजे अधूनमधून, पाच-सहा वेळा चालवल्यावर एकदा, चार यायचं. मी आनंदाने काकांना हाक मारायची आणि ते खुर्चीपाशी पोचेपर्यंत पुढचा रिपोर्ट तीन घेऊन बाहेर पडलेला असायचा.

याच गोष्टीने काकांचा संशय पक्का झाला. "कधी येतं, कधी नाही. म्हणजे माणसाचं काम. यंत्र असं लहर लागेल तसं वागत नाही. बाय, खरा काय ता सांग. दुरुस्ती अर्धवट राहिलीय आणि वेळ काढतेयस, असं आहे का?" काका मालवणीत शिरले की समजायचं, प्रकरण तापलंय.

"मी कशाला वेळ काढू?"

"पंधरा दिवसांनी पर्मनंट होशील. मग कोण विचारतंय."

मला भयंकर राग आला. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत जागेवर बसले. वहीत दुसऱ्या रकान्यात माझं नाव पडतच होतं. कोणी वळून बघितलं नाही तरी सगळ्यांना माहीत होतं.

संशय हा डोळे येण्यासारखा रोग आहे, समोरच्याचा आपल्याला लागतो. मला मंदारचा संशय येऊ लागला. मंदार माझ्या शेजारी बसायचा, मोठ्या सॉफ्टवेअरचं काम त्याच्याकडे होतं. तीन नंबर लिहिणारा त्याचा जिगरी दोस्त. मी उठले की तो माझ्या स्क्रीनकडे बघतो असं मला वाटायचं. एकदा पाण्याच्या निमित्ताने उठून दाराआडून मी पाच मिनिटं त्याच्यावर नजर ठेवली. तो मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. मग वाटलं, काकाच करत असतील. त्यांना मी नको असेन. घरी आईने दूध दिलं तर मी त्याचा वास घेऊन बघितला, तेव्हा आई म्हणाली, "तुला काय झालंय? ऑफिसात भुताटकी आहे का?"

आता काकांच्या दिव्याचं सांगायला हवं. देवीच्या बाबतीत या माणसाचा सगळा संशय गळून पडायचा. त्यांच्या घरी नवरात्रात अखंड दिवा असे, नऊ दिवस विझू द्यायचा नाही. लहानपणी एका वर्षी वडिलांचा डोळा लागला आणि दिवा गेला, आणि त्याच वर्षी गिरणीचा भोंगा बंद झाला. गिरणी का बंद पडली याची इतर कारणं काकांना पाठ होती. तरी दिव्याची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. ऑफिसातही त्यांना अखंड दिवा हवा होता. सरांनी हात जोडले, तेलाचा दिवा आणि एवढ्या वायरी, नको काका. मग काकांनी तोड काढली. कंपनीचा अगदी पहिला कॉम्प्युटर माळ्यावर पडलेला होता. त्याच्यावरच सर आणि काका या दोघांनी धंदा उभा केलेला. घटस्थापनेला काका तो खाली काढत, पुसत, चहाच्या खोलीत देवीच्या फोटोखाली ठेवत, झेंडूचा हार घालत आणि चालू करत. त्याचा हिरवा दिवा नऊ दिवस जळायचा. मात्र नुसता चालू केला तर तो दिवा नुसता पेटून राहतो, नेटवर्कची वायर जोडली तरच लुकलुकतो. "ज्योत तेवायला हवी," काका म्हणायचे, "बल्ब लावल्यासारखा नको." म्हणून ते वायरही जोडायचे. मधल्या रविवारी ऑफिस बंद असताना ते फक्त दिवा बघायला येऊन गेले.

खंडेनवमीच्या सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर वाईट नव्हते, कंटाळलेले होते. म्हणाले, "हे बघ, मी स्वतः कोड वाचत बसू शकत नाही. काकांनी अकरा नोंदी लिहून दिल्यात. सोमवारी लॅबला द्यायचंय, लहान मुलांचा मामला आहे. तू मुद्दाम करतेयस असं मी म्हणत नाही. पण जमत नसेल तर..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. "दसरा होऊ दे. परवा ठरवू." ठरलेलं होतं, फक्त सणाच्या तोंडावर सांगायचं नव्हतं.

बाराला यंत्रपूजा. आम्ही सगळे चहाच्या खोलीत जमलो, प्रत्येकाच्या कीबोर्डला हळदकुंकू लागलेलं. काकांनी निघताना सवयीने टेस्ट चालू करून ठेवली होती. आरती म्हणताना मी बाळाच्या रिपोर्टचा विचार करत होते आणि काका डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. प्रसाद घेऊन परतलो. काकांनी छापून पडलेला कागद उचलला. तीन.

त्यांनी वही उघडली. पहिला रकाना भरला. दुसऱ्याशी पेन थांबलं. वेळ बारा सात. बारा सातला त्या खोलीत कोण होतं? कोणीच नव्हतं. मी आरतीत त्यांच्या डाव्या हाताला, मंदार समोर, सर दारात. नऊच्या नऊ माणसं देवीपुढे. ते बराच वेळ त्या कोऱ्या चौकोनाकडे बघत बसले. मग शिपायाला, मंदारला, अगदी सरांनासुद्धा विचारून आले, आरती सोडून कोणी बाहेर गेलं होतं का. कोणी गेलं नव्हतं.

मग ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आरती चालू असताना कॉम्प्युटरचा दिवा मधेच फडफडला होता. मी डोळे उघडले तेव्हा बघितलं. तू जरा टेस्ट चालव. मी हाक मारली की चालव."

ते चहाच्या खोलीत गेले. तिथून आवाज आला, "चालव." मी चालवली. तीन. "परत." तीन. "परत." मग आवाज आला, पण हळू, "परत." मी उठून बघायला गेले तर काका देवीसमोर खाली बसले होते, हार घातलेल्या कॉम्प्युटरच्या दिव्याला जवळजवळ नाक लावून.

गोष्ट साधी होती. गेल्या दसऱ्यानंतर आधीचं कोठार बिघडलं, तेव्हा मी नोकरीला लागण्याआधी काही महिने या जुन्या कॉम्प्युटरलाच तात्पुरतं कोठार केलं होतं. नवा घेतला तेव्हा कोणाला काही बदलायला लागू नये म्हणून त्यालाही नाव तेच ठेवलं, कोठार. माझ्या कॉम्प्युटरला नव्या कोठाराचा पत्ता पाठ होता. टेस्टचा कॉम्प्युटर मात्र दर वेळी कोरा होऊन सुरू व्हायचा आणि हाक मारायचा, कोठार कोण? जो आधी ओ देईल त्याच्याकडचं उचलायचा. नव्याला शंभर कामं. जुना नऊ दिवस हार घालून रिकामा बसलेला, त्यामुळे पहिल्या हाकेला तोच ओ देई आणि पोटातलं तीन नंबर काढून देई. ज्या लुकलुकीला आम्ही ज्योत म्हणून नमस्कार करत होतो, ती तीच देवघेव होती.

हे त्या क्षणी आम्हा दोघांनाच कळलं होतं. बाकीचे जेवायला बसले होते. काकांना फार काही करायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसरा, दिवा रीतसर उठला असता, कॉम्प्युटर माळ्यावर गेला असता, तीन नंबर आपोआप येईनासं झालं असतं, आणि मी गुपचूप दुरुस्ती केली असं वहीत लिहून प्रकरण मिटलं असतं. माझं बोलणं कोणी मानलं नसतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला खरोखर भीती वाटत होती, हे मी कबूल करते.

ते उठले. "सरांना बोलाव," म्हणाले. "सगळ्यांना बोलाव. साक्षीदार हवेत."

सगळे हातात डबे घेऊनच आले. काकांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले. घटस्थापना, तीन नंबर, खोलीत ही. दुसऱ्या माळेला, तीन नंबर, खोलीत ही, मंदार. अशा अकरा नोंदी त्यांनी थांबत थांबत वाचल्या. मग म्हणाले, "अकरापैकी एकाही ठिकाणी माझं नाव नाही. मी अकराही वेळा खोलीत होतो."

सर म्हणाले, "काका, राहू दे, उद्या दसरा आहे, उद्या काढू ती वायर."

"उद्या कशाला? हिचं नाव वहीत आज आहे." त्यांनी देवीला नमस्कार केला, हार बाजूला केला आणि वायर उपटली. हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि स्थिर झाला. मग त्यांनी बटणही बंद केलं. नववी माळ पुरी व्हायच्या आत त्यांनी स्वतःच्या हाताने दिवा विझवला. मंदारने टेस्ट चालवली. चार. परत चालवली. चार. वीस वेळा चार. काका ते बघायला आलेच नाहीत. ते चहाच्या खोलीत स्टुलावर बसून होते.

मला त्यांच्याबद्दल त्या दिवसात जे जे वाटलं होतं त्याची लाज वाटली. आणि रागही होताच, तो एका दुपारीत जात नाही. मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी वास घेऊन बघितला आणि प्यायले.

त्यांनी माफी मागितली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी मला पर्मनंटचं पत्र दिलं तेव्हा काका केबिनच्या दाराशी होते, त्यांनी नुसती मान हलवली. सोमवारी चार नंबर लॅबला गेलं. गेल्या वर्षी काका रिटायर होईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी काम केलं, आणि त्यांचा संशय तसूभरही कमी झाला नाही. माझ्यावरचाही नाही.

पण त्या सोमवारी संध्याकाळी निघताना मला माझ्या टेबलावर त्यांच्या टेस्टचे चार कागद दिसले. काकांचं काम तोवर ऑफिसात कोणीही तपासत नसे, सरही नाहीत, तशी कोणाची छातीच नव्हती. वरच्या कागदाला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, "मी दोनदा बघितलंय. बरोबर वाटतंय. म्हणून तू बघ."

मी खुर्ची ओढून बसले आणि बघितलं. तिसऱ्या कागदावर एक चूक होती. मी तिच्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी त्यांचं नाव लिहिलं.